रंजीताच्या कानातली सपाट रेघ

"जय वायुदेवाची!" भोंग्यातून आरोळी आली आणि शुक्रवारचा सगळा बाजार उठून जीपकडे पळाला. मिरच्या मोजणारा तराजू हातात धरूनच पळाला. कोंबडे विकायला बसलेला माणूस कोंबडे तिथेच टाकून पळाला. एटापल्लीच्या पुढच्या या जंगलातल्या बाजारात मी दोन वर्षं येतेय, पण अशी पळापळ फक्त हत्ती आल्याची अफवा उठली तेव्हाच बघितली होती.

जीपवर भगवं कापड, त्यावर 'कर्णसिद्ध वायुनंदन महाराज' अशी अक्षरं, आणि समोर खुर्चीत खुद्द महाराज. डोळ्यांत काजळ, गालांवर तुपाची चमक, मांडीवर भलामोठा शंख. शंखाच्या पोटातून लाल फडक्यात गुंडाळलेली एक नळी निघालेली. बहिऱ्यांना बरं करणाऱ्या माणसाला एवढा मोठा भोंगा कशाला लागतो, हा प्रश्न त्या गर्दीत बहुधा एकट्या मलाच पडला.

मी मंजुषा. कान तपासणं हे माझं काम. वाढले वीजकेंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये, आणि आता शाळाशाळांतून फिरणाऱ्या आरोग्य पथकाबरोबर या भागातली पोरं तपासते. माझी जीभ तिखट आहे. आई म्हणायची, मंजू, तू चांगलं सांगतेस तेही भांडल्यासारखं सांगतेस. ते खरं होतं, पण ते किती महागात पडेल हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही.

"भाइयो और बहनो!" महाराज माईकवर सुरू झाले. "बहिरेपण म्हणजे काय? कानात अडकलेली वायुबाधा! डॉक्टर काय करतो? गोळी देतो. गोळी कुठं जाते? पोटात! आणि आजार कुठं आहे? कानात! अरे, पोटाच्या रस्त्यानं आजपर्यंत कानात कोण पोहोचलंय?"

लोक खदाखदा हसले. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. माणूस बोलण्यात पक्का होता.

पहिला खुर्चीत बसला तो बांबूच्या टोपल्या विकणारा. महाराजांनी नळीचं मेण लावलेलं टोक त्याच्या कानात घट्ट बसवलं, दुसऱ्या कानावर तळहात दाबून धरला. मग शंखाच्या पोटात हात घातला, काहीतरी दाबलं आणि माईक बाजूला करून पुटपुटले, "ऐकू येतं का, भाऊ?"

"आं?"

"बघा! ठार बहिरा!" हे मात्र माईकवर. "बोला, जय वायुदेवाची!" आणि जयजयकारात नळी सटकन ओढली. टोपलीवाल्याचे डोळे मोठे झाले.

"बापा बापा! खुलला ना कान! सारं साफ ऐकू येऊन राह्यलं!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. तासाभरापूर्वी याच माणसाची टोपली उचलून मी बरोबरच्या नर्सच्या कानात म्हटलं होतं की ही वाकडी आहे. ते त्याला बरोबर ऐकू गेलं होतं आणि त्यावरून त्याने मला चार शब्द सुनावलेही होते. हा बहिरा झाला कधी?

मी पुढे घुसले आणि रांगेत मला सोमारी दिसली. हाताला धरून रंजीता.

या दोघी वेडमटोल्याच्या. रंजीता आठ वर्षांची, आश्रमशाळेत तिसरीत. जानेवारीत तिला माझ्यासमोर आणलं तेव्हा गुरुजी म्हणाले होते, "मंद आहे, लक्ष देत नाही." मी तिच्या कानात माझ्या मशीनचं रबरी बोंड बसवलं. हे मशीन तसं साधं. कान बंद करून आतली हवा थोडी दाबायची, थोडी ओढायची आणि कानाचा पडदा किती हलतो ते मोजायचं. निरोगी पडदा हलतो आणि कागदावर डोंगरासारखी रेघ उमटते. पडद्यामागे पाणी साचलं असेल तर तो हलत नाही आणि रेघ सपाट येते. रंजीताच्या दोन्ही कानांची रेघ सपाट होती.

"बाई, डोंगर कुठी हाय?" तिचा बाप चैतू कागद डोळ्यांजवळ नेऊन विचारत होता. आधीच्या पोराचा डोंगर त्याने बघितला होता.

पोरगी मंद नव्हती. तिला कमी ऐकू येत होतं, आणि ते पूर्ण बरं होण्यासारखं होतं. पथकातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पडद्याला बारीक छेद द्यायचा, पाणी काढायचं, एक इवलीशी नळी बसवायची. दुसऱ्या दिवशी घरी. चौदा मार्च ही तारीख मिळाली. मी सोमारीला सांगितलं, "दोन्ही कानांत हवा सोडून बघितली. पडदा हलत नाही. चौदा तारखेला गाडी येईल, तयार राहायचं. समजलं?" तिने मान हलवली. मागे वीस पोरं रांगेत होती. मी पुढचं नाव पुकारलं.

जाता जाता तिने एवढंच विचारलं होतं, "यंदा तरी इले मोहाले नेता येईन का?"

वेडमटोल्यात कान चांगला असणं म्हणजे मोह वेचायला जाता येणं. मार्चअखेरीला फुलं पडायला लागली की उजाडताना सगळं गाव मोहाच्या झाडांखाली असतं. अस्वलालाही मोह आवडतो, तेही येतं. म्हणून बाया एकमेकींना सतत हाका मारत वेचतात, आणि अस्वल दिसलं की एकच लांब हाक जाते. ती ऐकली की टोपली टाकून गावाकडे पळायचं. ज्या लेकराला हाक ऐकू येत नाही त्याला मोहाखाली न्यायचं नाही, हा गावाचा नियम. रंजीता दोन वर्षं मोहाच्या दिवसांत घरी बसून होती. बरोबरीच्या पोरी टोपल्या घेऊन जायच्या आणि ही दारात उभी राहून रडायची.

"ऑपरेशन झालं की खुशाल ने," मी म्हटलं होतं.

आणि आता ती बाबाच्या रांगेत! माझं डोकं फिरलं.

"सोमारी, अक्कल गहाण टाकली काय गं? चार दिवसांवर गाडी आली आणि तू या ढोंग्याच्या पायाशी? एवढं घसा फोडून सांगितलं ते काय दगडाला सांगितलं?"

सगळा बाजार तिच्याकडे बघायला लागला. तिने पदर तोंडात धरला आणि मान खाली घातली.

"बाई, रागावू नका," महाराज माईकवर गोड आवाजात म्हणाले. "राग आला की वायू चढतो. आधी तुमचाच कान बघायचा का?" हशा पिकला. मग ते सोमारीकडे वळले. "ये माय. उन्हात उभी नको राहू. बस खुर्चीवर, लेकीला मांडीवर घे."

माझ्या शिबिरात मी तिला कधी खुर्ची दिली नव्हती.

नळी रंजीताच्या कानात गेली. शंखात हात घालून दाबलं, जयजयकार झाला, नळी ओढली. महाराजांनी वाकून विचारलं, "कसं वाटतंय, बेटी? खुलला ना कान?"

रंजीताने मान हलवली. "नाई."

"काय नाही?"

"काईच नाई झालं."

मग महाराज मोठ्याने हसले. "लाजते पोर! इतके लोक बघितले की लाजणारच! चला, आत्ता परीक्षा." आईला नाव विचारून पोरीला दहा पावलांवर पाठमोरं उभं केलं आणि भोंग्यातून हाक दिली, "रंजीताऽऽ!" पोरगी वळली. त्या भोंग्याने झाडावरचे बगळे उडाले होते, ती न वळून काय करते?

"भोंगा बंद करून हाक मार!" मी ओरडले. "लांबून मार!" कोणी ऐकलं नाही. दोघातिघांनी मला ढकलून बाहेर काढलं. पलीकडे आमच्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्न देत होता, पुढच्या गावात पोरं खोळंबली होती. मी निघून गेले. पोरं खोळंबली होती हे खरं, पण माझा अपमान झाला म्हणून मी गेले हे जास्त खरं.

चौदा तारखेला गाडी वेडमटोल्याहून रिकामी परत आली. पोरगी बरी झाली, असा निरोप होता. मी 'पालक गैरहजर' असं लिहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "मरू दे तिकडे." आपण सहज म्हणतो ना, तसं. तो शब्द आता माझ्याच्याने तोंडाबाहेर काढवत नाही.

मार्च संपायला दोन दिवस होते तेव्हा बातमी आली.

मी गेले ते आठ दिवसांनी. आधी पाय उचलला नाही. चैतू अंगणात बसला होता, बाजूला गावाचा पेरमा, म्हणजे पुजारी, लच्छूभाऊ. चैतू जमिनीकडे बघत सांगत गेला. बाबावर आंधळेपणाने विश्वास ठेवला नव्हता त्याने. त्याने स्वतः परीक्षा घेतली होती. पोरीला अंगणात उभं करून कुडाच्या मागून हाक मारली. दहा वेळा मारली, दहाही वेळा तिने ओ दिली. मगच गावाने हो म्हटलं.

"मंग म्या तिच्यासाठी नवी टोपली विनली," तो म्हणाला. "लहानशी."

परीक्षा घेतली हे बरोबर होतं. पण अंगणातल्या हाकेवरून जंगलातला कान ओळखता येत नाही. पडद्यामागे पाणी असलं तरी जवळची मोठी हाक ऐकू येते. लांबची हाक, झाडीतून येणारी, तीच नेमकी येत नाही. त्या सकाळी लांब हाक गेली. सगळी पोरं पळाली. रंजीता एका झाडाखाली पाठमोरी बसून फुलं वेचत राहिली. सोमारी ओरडत तिच्याकडे धावली होती, पण अस्वल तिच्यापेक्षा जवळ होतं.

लेकरू वाचलं नाही.

सोमारी घरातून बाहेर आली. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाई, एक इचारू?" ती म्हणाली. "तुमचं मशीन कानात हवा सोडते. बाबाचा शंख बी हवाच सोडते. तुमच्या हवेनं पोरगी बरी नाई झाली, म्हून मी त्याच्या हवेले नेली. त्यात माहं चुकलं काय?"

महिनाभर मी तिला अडाणी, हट्टी, अंधश्रद्धाळू म्हणत होते. तिचा हिशेब सरळ होता. कानात हवा सोडणं हाच उपचार, असं तिला वाटलं होतं, आणि वाटण्यासारखंच होतं. मीच तर म्हणाले होते, हवा सोडून बघितली.

"सोमारी," मी म्हटलं, "माझं मशीन बरं करत नाही गं. ते नुसतं बघतं. बरं करणार होते ते दवाखान्यात."

"मंग हे तवाच काऊन नाई सांगतलं?"

घाई होती, हे उत्तर आहे का?

मग ती म्हणाली, "मले दाखवा. माह्या कानात टाका."

मी गाडीतून मशीन आणलं. तिच्या कानात बोंड बसवलं आणि कागदावर डोंगर उमटला. तिने त्यावरून बोट फिरवलं. मग मी रक्तदाब मोजायच्या यंत्राचा रबरी फुगा काढला, त्याला नळी आणि बोंड लावलं, तिच्या कानात घट्ट बसवलं आणि अगदी हलकेच दाबलं. घरी कोणी हे करू नका, पडदा फाटतो.

"कसं वाटतं?"

"दाटलं. तुमचा आवाज दूर गेला."

मी बोंड काढलं.

"खुललं," ती म्हणाली. "पुन्हा करा."

मी पुन्हा केलं. दाटलं, खुललं. चार वेळा तिने करायला लावलं. लच्छूभाऊ वाकून बघत होता.

"म्हंजे कान त्यानंच बांधला, अन् त्यानंच सोडला," ती हळूहळू म्हणाली.

"हो. चांगल्या कानाला हवेने दडा बसतो. आवाज दबतो. हवा सोडली की कान पहिल्यासारखा होतो आणि माणसाला वाटतं नवा कान मिळाला."

"अन् रंजीताचा?"

"तिच्या पडद्यामागे पाणी होतं. पडदा हललाच नसणार, ना माझ्या हवेने, ना त्याच्या. तिला काही वाटलंच नसेल."

सोमारीने माझ्या हातातला फुगा काढून मातीत ठेवला.

"तिनं सांगतलं व्हतं," ती म्हणाली. "काईच नाई झालं म्हणे. मी म्हटलं, लाजते." आणि मग ती जी रडायला लागली ती पाहून लच्छूभाऊसारखा म्हातारा माणूस उठून कुडाकडे तोंड करून उभा राहिला. मीही रडले. तिच्या अंगणात रडायचा मला काय हक्क होता, कोण जाणे.

पुढच्या शुक्रवारी सोमारी, लच्छूभाऊ आणि मी बाजारात गेलो. भोंगा चालूच होता. महाराजांची कीर्ती वाढली होती, जीपला झालर लागली होती. लच्छूभाऊ रांगेतून जाऊन खुर्चीत बसला. पेरमा आला म्हटल्यावर महाराज खूष झाले. मेण लावलं, नळी बसवली, दुसरा कान तळहाताने दाबला, शंखात हात घातला आणि माईक बाजूला करून पुटपुटले, "ऐकू येतं का, बाबा?"

सोमारीने पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं. "थांब. आता सोडू नको."

"अगं माय, हे काय?"

"मले माय म्हणू नको." तिने वाकून लच्छूभाऊला त्यांच्या माडिया बोलीत काहीतरी विचारलं. म्हातारा म्हणाला, "आं?" तिने नळी काढली, तसंच हळू पुन्हा विचारलं. म्हाताऱ्याने लगेच उत्तर दिलं. तिने नळी परत बसवली, शंखात स्वतःचा हात घालून दाबलं. पुन्हा "आं?" काढली, पुन्हा उत्तर. गर्दी पुढे सरकली.

"पाहा," सोमारी वळून म्हणाली, "मी बी महाराज झाली." आणि शंख उलटा करून लाल फडकं ओढलं. आतून काळा रबरी फुगा लोंबायला लागला. दवाखान्यात सगळ्यांनीच पाहिलेला, रक्तदाबाचा.

मी पुढे झाले. या वेळी ओरडले नाही. फुगा हातात घेऊन सावकाश सांगितलं की दाबल्यावर काय होतं, सोडल्यावर काय होतं, पुटपुटणं माईकशिवाय आणि परीक्षा भोंग्यावर का. सोमारी माझं मराठी वाक्य संपलं की माडियात सांगत होती. टोपलीवाल्याने स्वतःचा कान चोळला आणि तो मागच्या मागे सरकला.

"देवाच्या कामात शंका घ्याल तर शाप लागेल!" महाराज उठले. काजळ घामाने गालावर उतरलं होतं.

"आमचा पेन, आमचा देव, जंगलात हाय," लच्छूभाऊ शांतपणे म्हणाला. "तो जीपमधी नाई फिरत."

महाराज जीपमध्ये चढायला गेले, पण बाजारातल्या बायांनी चाकांसमोर बसकण मारली ती पोलीस येईपर्यंत. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सोमारी झाडाखाली जाऊन बसली आणि तिच्याजवळ जायचं धाडस कोणाला झालं नाही.

आता तुम्हाला सांगते. चमत्कार बघितलात तर हात जोडायच्या आधी एवढं करा. करणाऱ्याला नाही, ज्याच्यावर झाला त्याला विचारा. गर्दीपासून बाजूला नेऊन विचारा, भोंगा बंद करून विचारा. ते लेकरू असेल तर दोनदा विचारा, आणि ते नाही म्हणालं तर विश्वास ठेवा. आणि माझ्यासारखे जे दवाखान्याच्या बाजूने बोलतात त्यांनाही सांगते. आपण खरं बोलतो म्हणून लोकांनी आपलं ऐकलंच पाहिजे, हाही एक गोड गैरसमज आहे. खरं असेल ते नीट, समजेल असं सांगावं लागतं, समोरच्याला बसायला जागा देऊन. मी आता प्रत्येक आईच्या कानात आधी मशीन लावते, मग पोराच्या.

एप्रिलमध्ये आसपासच्या चार टोल्यांत, म्हणजे पाड्यांत, पुन्हा तपासणी केली. सात पोरांची रेघ सपाट आली. या वेळी गाडी भरून निघाली. आयांना दवाखान्याची भीती वाटत होती म्हणून सोमारी बरोबर आली, कोणी न सांगता. वाटभर एका पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. ऑपरेशनच्या खोलीबाहेर सिस्टर कागद घेऊन आली आणि एकेका बाईला विचारत गेली, तुमचं मूल कोणतं, इथे अंगठा द्या. सोमारीपाशी थांबून तिने विचारलं, "बाई, यातली तुमची कोणती?"

सोमारीने मांडीवरच्या पोरीला तिच्या आईकडे दिलं आणि पदर सारखा केला.

"माही पोरगी आनाची राहून गेली," ती म्हणाली.